अश्रूंची फितुरी

सोमवार, सकाळी १०
माझ्या खुर्चीची उंची कुणीतरी परस्पर दोन बोटं कमी केली आहे. राज्यं अशीच बुडतात. निषेध मनातल्या मनात नोंदवला.
काम किरकोळ. सिनेमातल्या म्हातारीच्या गालावरून अश्रू ओघळायचे. अश्रू म्हणजे कॉम्प्युटरने सोडलेले कण. त्यांनी कातडी धरून खाली यायचं. शुक्रवारी दिग्दर्शकांना दाखवायचं. जमलं की पाण्याचा अख्खा विभाग माझा. दुपारपर्यंत उरकतो.

सायं. ६
अश्रू गालातून आत शिरले, हनुवटीखालून बाहेर पडले. आमचा विभागप्रमुख म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. भावोजी, म्हातारी रडतेय की गळतेय, म्हणे. हसलो. वयाचा मान राखावा लागतो, माझ्याच.

मंगळवार
प्राचीन न्यायदर्शनात स्नेह हा पाण्याचा गुण. त्यानेच पिठाच्या कणांचा गोळा होतो. चिकटपणाच्या सेटिंगला 'स्नेह' नाव दिलं, आकडा दसपट केला. अश्रू पापणीलाच लटकून बसले. स्नेहाचा अतिरेक. बायकोला सविस्तर समजावलं. अहो, आधी जेवून घ्या, म्हणाली.

बुधवार
म्हातारी मान वळवते; अश्रू जुन्याच जागी, हवेत, गालापासून वीतभर लांब. कृतघ्न कण! उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

गुरुवार, सकाळी ९
गजर बायकोने बंद केला. घरातही फितुरी.

दुपारी ३
उलगडा! अश्रू निष्ठावंतच होते, पण जुन्या चेहऱ्याशी. म्हातारीचा कॉम्प्युटरमधला चेहरा गेल्या आठवड्यात बदलला आणि मला कुणी कळवलं नाही. (मेल आला होता. मेल म्हणजे कळवणं नव्हे.) नव्या चेहऱ्याला बांधले. काय ओघळले! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

सायं. ५
मेहुण्याला दाखवायला गेलो. तो म्हणाला, भावोजी, हा शॉट पलीकडच्या टेबलावरच्या नव्या बाईंनी बुधवारीच केला, दिग्दर्शकांनी पासही केला. मग मला का राबवलंस, विचारलं. तर म्हणे, ताईचा फोन आला होता. यांना करू दे, मन रमतं त्यांचं, असं म्हणाली.

शुक्रवार
बायकोशी भांडायचं ठरवलं होतं. वाक्यं पाठ केली होती, दोन तर संस्कृतातली. तिने ताट वाढलं, कसा झाला शॉट म्हणून विचारलं. छान झाला, म्हणालो. बरं झालं, म्हणाली. माझ्याकडे न बघता.
विभाग गेला, जाऊ दे. असा फोन तिने याआधी किती वेळा केला असेल, हे विचारायची मला भीती वाटते.