वर श्री आहे ना?

॥ श्री ॥
खमरिया, जबलपूर
१५ जानेवारी २०२४

ती. सौ. शकुताईस,
विनतेचा सा. न. वि. वि.

तू रागावली असशील. आईला पाहायला गाडीत बसले अन् पुढच्याच स्टेशनावर, मदनमहालला उतरून गेले. छाती अशी धडधडली की आता मेलेच वाटलं. हे म्हणतात, एवढ्या लोकांसमोर फलाटावर लोळलीस. लोळले खरी.

आता डॉक्टर डोक्याला चुंबक लावून राहिले. शॉक नाही गं! कानातलं काढून खुर्चीत बसवतात, डोक्याला गोल यंत्र टेकवतात अन् ते टकटक करत राहतं. कापाकापी नाही, भूल नाही. घबराहटीवर लागू पडेलच अशी गॅरंटी नाही, हेही त्यांनी साफ सांगितलं. होळीच्या आधी कोर्स संपेल. मग मी आईकडे येणार म्हणजे येणार. तिला थांब म्हणावं.

फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात, म्हणून पत्रच लिही. वाईट बातमीच्या पत्रावर श्री घालत नाहीत. वर श्री दिसला की मी निर्धास्त वाचते. तेवढं सांभाळ.

लोभ आहेच, तो असाच वाढव.
तुझी विनी

॥ श्री ॥
नागपूर
९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. विनतास,
अनेक आशीर्वाद.

बघ, श्री चांगला मोठा घातला आहे. आता धडधड करू नको.

चुंबकाचं वाचून खूप हसले. लहानपणी झुरळ दिसलं की पलंगावर चढायचीस, तेव्हाच लावायला हवं होतं. आमच्या नशिबी असले लाड नाहीत, बाई. आम्ही घाबरलो असतो तर आईचं अंथरूण कोणी बदललं असतं?

आई शांत आहे. आता तिला कसलाच त्रास नाही, खोकलासुद्धा नाही. तू घाई करू नको, सावकाश दुरुस्त हो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी ताई

॥ श्री ॥
खमरिया
११ मार्च २०२४

ती. सौ. शकुताईस,
सा. न. वि. वि.

ताई, जमलं! पहिले पहिले डोकं ठणकायचं. पण काल भरल्या बसमध्ये एकटी उभी राहून रांझीला जाऊन आले. छाती धडधडली, पण मी उतरले नाही. नवी साडी नेसले होते. हे मध्ये फॅक्टरीच्या कामाने इटारसीला गेले होते, तिथून आणली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा! मी म्हटलं, चुंबक तुम्हालाही लागलं का जी?

तिकीट काढलंय. आईला सांग, विनी निघाली. तिच्यासाठी खोव्याची जलेबी आणते.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.
विनी

॥ श्री ॥
नागपूर
१६ मार्च २०२४

चि. सौ. विनतास,
अनेक आशीर्वाद.

तिकीट रद्द कर. आई फेब्रुवारी लागताच गेली. सुतक केव्हाच फिटलं, तेव्हा वरचा श्री रीतीला धरूनच आहे. मागच्या पत्रावर घातला तो तुझ्या भल्यासाठी.

तुझ्या आलोकरावांना तेव्हाच कळवलं होतं. कोर्स मोडायला नको, असं त्यांचंही म्हणणं पडलं. इटारसी कसली? ते आईला खांदा द्यायला आले होते. साडी मीच दिली, दुखवट्याची. नेसलीस ते बरं झालं, लेकीने नेसायचीच असते.

आई विचारायची, विनी काहून नाही आली? मी सांगितलं, तिला स्वतःच्या डोक्यातून फुरसत नाही. मग तिने विचारणं सोडलं. खोटं बोलले का मी? तू आली असतीस तर मी आईला सांभाळायचं की तुला?

जलेबी कुणाजवळ तरी पाठव. मुलांना आवडते.

राग धरू नको, लोभ धर.
ताई

खमरिया
२३ मार्च २०२४

सौ. शकुंतलाबाई यांस,

पत्र परवा दुपारी मिळालं. वर श्री पाहिला अन् निर्धास्त होऊन वाचलं. मग धडधडीची वाट पाहत बसले. आली नाही. हातही गार पडले नाहीत. ह्यांनी पाणी आणलं, ते मी घेतलं नाही.

डॉक्टरांना एवढंच सांगितलं की मोठी बातमी आली अन् अटॅक आला नाही. ते खूश झाले. म्हणाले, उपचार लागू पडला.

आई थांबली असती की नाही, मला माहीत नाही. तू तिला माझी वाटसुद्धा पाहू दिली नाहीस.

साडी परत पाठवली आहे. इकडे सगळे जिवंत आहेत, तरी वर श्री घातलेला नाही.

लोभ नसावा, ही विनंती.
विनता