ट्रान्सफॉर्मर माझा, डबा ह्यांचा

मी, खाली सही करणारी, चौथीत शाळा सुटलेली, वाइंडिंगच्या कारखान्यात जळालेल्या मोटरींत नव्याने तार भरणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि रागात लिहिते. रागात आहे म्हणजे डोकं फिरलेलं आहे असं कोणी समजू नये. डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच राग आला आहे. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. टाकून बघावा. पुढच्या आठवड्यात माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात काही होणार नाही. झालंच तर मागे कोणी तोंडाला येईल ते बोलू नये, म्हणून लिहून ठेवते.

माझ्या पतींना यापुढे नुसतं "हे" म्हटलं आहे. संसारभर तेच म्हणत आले, आता कागदावर नवीन काय म्हणू?

कलम १. घर. दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली आणि गॅलरी माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावर आहे. ती माझ्या लेकीला. ह्यांनी मात्र मरेपर्यंत तिथेच राहावं, त्यांना कोणी उठवू नये. उठवायचाच तर जेवायच्या टेबलावरचा ह्यांचा पसारा उठवावा. त्या टेबलावर मी कधी जेवले ते आठवत नाही, ताट मांडीवर घेऊन जेवते. तारा जोडायच्या सोल्डरचा धूर भाताला लागतो. पिठात तारेचे तुकडे निघतात. माझी चहाची गाळणी कापून ह्यांनी स्पीकरला जाळी लावली. मी दुसरी आणली. तीही कापली, कारण स्पीकर दोन आहेत.

कलम २. हत्यारं. माझं हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, लाकडी हातोडी आणि तार सोलायची सुरी कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या बडबडीला द्यावी. ती दिवसभर डोकं खाते, पण तार कधी तोडत नाही. जावेने नेलेला कुकर तिच्याकडेच राहू द्यावा. त्याची शिट्टी माझ्याकडे आहे, ती देऊ नये.

कलम ३. ॲम्प्लिफायर. हे कलम नीट वाचावं, बाकीची घाईत वाचली तरी चालतील.

हा डबा ह्यांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बांधायला घेतला. मासिकातलं चित्र समोर ठेवून बांधला. अजून बांधताहेत. बाहेर तयार डबे मिळतात, बटण दाबलं की गाणं लागतं, पण ह्यांना तो आवाज "मेलेला" वाटतो. आमच्या घरात गाणं कधी शेवटपर्यंत वाजलेलं नाही. सुरू होतं, हे कान टवकारतात, "थांब थांब" म्हणतात आणि झाकण उघडतात. मला त्या झाकणाची शिसारी आली आहे.

डब्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतली वीज डब्याला सोसेल एवढी करून देणारा तो जड ठोकळा, माझा आहे. मालकाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःची तार घालून मी तो गुंडाळला. ह्यांना कधी तो दिला असं म्हटलेलं नाही. लग्नातल्या भांड्यांसारखा तो माझा आहे, नुसता ह्यांच्या डब्यात ठेवलेला. त्याच्याशिवाय तो डबा म्हणजे पत्रा.

डबा लावायची आमची एक रीत आहे. काही वाजत नसताना स्पीकरमधून बारीक घरघर येते. ती घालवायला आत एक स्क्रू आहे. हे टेबलापाशी तो फिरवतात आणि मी स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उभी राहते. घरघर आहे तोवर हात वर. गेली की हात खाली. पूर्वी ह्यांनाही ऐकू यायचं, मी आपली खात्रीपुरती. मग हळूहळू ह्यांचे डोळे स्क्रूवरून माझ्या हातावर आले. माझा हात खाली गेला की म्हणायचे, "गेली! मलाही कळलं."

मागच्या थंडीत मी घरघर भरपूर चालू असताना मुद्दाम हात खाली घेतला.

"वा!" म्हणाले. "आता कशी शांतता आहे बघ."

म्हटलं, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

"तुझ्या कानात मळ झालाय," म्हणाले.

लेकीने फोनवर सांगून पाहिलं, "बाबा, कान दाखवून या ना." तर म्हणाले, "पान? पान कुठे खातो मी?" ती इतकी हसली की पुढचं सांगायचंच राहिलं. मला हसू आलं नाही.

रविवारी ह्यांची ऐकणारी मंडळी येतात. धाकटे दीर, त्यांचे दोन मित्र आणि एक चष्मेवाला. तो डोळे मिटून बसतो आणि सगळ्यात जास्त बिस्किटं खातो. गेल्या महिन्यात ह्यांना आवाज बोदा, दबका वाटायला लागला. बोदे ह्यांचे कान झाले होते, पण ह्यांनी डब्यातला एक कपॅसिटर काढून टाकला. तो तिथे असतो कारण त्याच्याशिवाय डबा किंचाळतो. रविवारी मंडळी बसली, ह्यांनी बटण फिरवलं आणि असली कर्कश शिट्टी निघाली की माझ्या हातातला कप खाली पडला. चष्मेवाल्याने कानात बोटं घातली. आणि हे मधोमध बसून मान डोलावताहेत, "बघा, किती स्वच्छ झालाय!"

शिट्टी वाजतेय हे कोणी सांगितलं नाही. दिरांनी मित्राला कोपर मारलं. चष्मेवाला म्हणाला, "वा मास्टर, लाजवाब." मला त्या माणसांची इतकी किळस आली की ती बिस्किटांची बशी उचलून आत नेली.

जाताना जिन्यात दीर मित्रांना सांगत होते, "दादाच्या कानाशी टायर फोडला तरी म्हणेल, अजून थोडा बेस हवा." वर मी उभी आहे हे दिसलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, गंमत केली हो."

"भाऊजी," म्हटलं, "बिस्किटं गिळताना तोंड उघडतं. मग ती शिट्टी वाजली तेव्हा काय झालं होतं?"

"दादाला वाईट वाटलं असतं ना."

"आणि हसताना नाही वाटलं?"

खालच्या पायरीवर उभे राहून परत वर मला म्हणतात, "तसंही तो डबा पुढे माझ्याकडेच द्या. दादाला आता काय उपयोग?"

म्हणून, कलम ४. धाकट्या दिरांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. बिस्किटांचा रिकामा डबा द्यावा. चष्मेवाल्याला झाकण.

कलम ५. माझी बँकेतली शिल्लक लेकीने काढावी आणि तिच्यातून सगळ्यात आधी ह्यांच्या दोन्ही कानांना ऐकायचं मशीन घ्यावं. उरेल ते तिचं. ह्यांनी मशीन लावलं तर ट्रान्सफॉर्मर कायमचा ह्यांचा. नाही लावलं, खिशात ठेवलं, ड्रॉवरमध्ये टाकलं किंवा "बॅटरी संपली" म्हटलं, तर लेकीने चार बोल्ट काढून ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला द्यावा. तांब्याचा भाव बघू नये, जो पहिला येईल त्याला द्यावा. हे माझं ऐकत नाहीत, लेकीचं ऐकत नाहीत, त्या डब्याचं ऐकतात. तेव्हा आता डब्यानेच सांगावं.

मशीन लावल्यावर एकदा लेकीने स्क्रू फिरवावा आणि ह्यांनी माझ्या जागी, दारात, हात वर करून उभं राहावं. तिथे उभं राहून खांदा किती दुखतो तेही कळेल. हात खरोखर ऐकून खाली आला, तर त्यानंतर एक गाणं शेवटपर्यंत वाजवावं. मधे झाकण उघडू नये. त्या दिरांना बोलवू नये.

ह्या मृत्युपत्राची मी आज टेबलापाशी उभी राहून सगळी कलमं, अगदी गाठीपासून भंगारवाल्यापर्यंत, खणखणीत आवाजात वाचली. हे एका हाताच्या अंतरावर डब्यात डोकं घालून बसले होते. डब्याची वीज बंद होती. वाचून झाल्यावर मान वर करून म्हणाले, "हो, चालेल. साखर कमी घाल."

सही: (अंगठा नाही, सही आहे.)

स्थळ: राहतं घर, जेवायचं टेबल, सोल्डरचा पसारा सरकवून केलेली जागा
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार. मंडळींना आज दार उघडलेलं नाही.

साक्षीदार १: समोरच्या खोलीतला शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: खालच्या मजल्यावरची शेजारीण. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी खाली भांडी घासत होते, वरून शब्दन् शब्द ऐकू आला म्हणून हात पुसत वर आले. बाईंनी माझ्याही समोर सही केली. मला दारात बघून त्यांचे मिस्टर घाईघाईने उठले, "आवाज मोठा झाला का हो? कमी करतो," म्हणाले आणि त्या बंद डब्याचं बटण त्यांनी फिरवलं.