कोदंडपाणी अय्यांची पत्ती

चेन्नई, २१ जानेवारी २०१९

ती. मामांस,
कयलचा सा. न. वि. वि.

पेटी काल बसने पोचली. नादस्वराच्या पत्त्या अठ्ठेचाळीस, त्यातली एक तडकलेली. मामीने पोंगलचा उरलेला गूळ पत्त्यांशेजारी ठेवल्यामुळे वरच्या सहांना मुंग्या लागल्या होत्या. झटकल्या, आता ठीक आहेत. मामीला बोलू नका.

साइट करून चार महिने झाले, गिऱ्हाईक कुठे आहे, असे तुम्ही फोनवर विचारलेत. तेव्हा नीट सांगता आले नाही, कारण तुमच्या पाटासमोर कायम कोणीतरी नादस्वरवाला बसलेला असतो आणि तुम्ही नुसते हं, हं करता. म्हणून लिहिते. इंटरनेटवर कोणी नादस्वराची पत्ती शोधली, तर आपले दुकान नवव्या पानावर दिसते. तिथवर कोणी जात नाही. पहिल्या पानावर प्लास्टिकच्या पत्त्या विकणारे तिघे आहेत. तुमच्या पत्तीची सर त्यांना नाही हे आपल्याला माहीत आहे, शोधयंत्राला नाही. त्याला पानावर लिहिलेले शब्द तेवढे कळतात आणि आपल्या पानावर शब्दच कमी आहेत.

पोंगलला तुम्ही दिलेली वही वाचते आहे. एकतीस वर्षांत कोणासाठी पत्ती किती तासली, सगळे तारखेनिशी आहे. इतकी व्यवस्थित नोंद मी आमच्या कंपनीतही पाहिलेली नाही. आता लिहायला शब्द मिळतील.

मामीच्या गुडघ्याचे कळवा. पुढच्या पेटीत गूळ वेगळ्या डब्यात असावा, एवढीच विनंती.
आपली,
कयल


पूंगुडी, २७ जानेवारी

चि. कयल हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मुंग्यांचं मामीला सांगितलं. ती म्हणते, मुंग्यांनासुद्धा आपल्या पत्त्या सापडल्या, तुझ्या यंत्रालाच तेवढ्या सापडत नाहीत. गुडघा तसाच आहे, तोंड त्याहून बरं आहे.

वही दिली ती तुला हाताचा अंदाज यावा म्हणून. नदीकाठचं गवत आणायचं, वर्षभर वाळवायचं, भाताबरोबर उकडायचं, इथवर सगळ्यांचं सारखंच. खरं काम त्यानंतरचं. कोणाच्या ओठाला किती जाड सोसते, ते बघून तासायचं. वहीत सगळं आहे, लागेल ते घे. मला विचारत बसू नकोस, मला तुझ्या साइटीतलं काही कळत नाही.

देवळात पंगुनी उत्सवाची तयारी सुरू झाली. परवा कोदंडपाणी अय्या येऊन बसले होते. दहा दिवस देवापुढे वाजवायचा मान त्यांचा, यंदा एक्केचाळिसावं वर्ष. बहात्तर वय झालं, पण उत्सवाचं नाव काढलं की ताठ बसतात. तुझं लग्न कधी, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, पोरगी शोधयंत्राच्या प्रेमात पडलीय आणि ते तिला नवव्या पानावर ठेवतंय. पोट धरून हसले.

जेवत जा. उत्तर लिहिशील तेव्हा दोन ओळी मामीलाही लिही, नाहीतर माझं पत्र आधी तीच फोडते.
तुझा,
मासिलामणी मामा


चेन्नई, ९ फेब्रुवारी

ती. मामांस,
कयलचा सा. न. वि. वि.

आपण पहिल्या पानावर आलो.

कसे, ते सांगते. जगभरात मिळून नादस्वराची पत्ती शोधणारे महिन्याला सत्तरएक लोक आहेत. एकट्या कोदंडपाणी अय्यांचे नाव शोधणारे चार हजार. लोक पत्ती शोधत नाहीत, वादक शोधतात. म्हणून मी एक नवे पान केले: कोणते नादस्वर-विद्वान कोणती पत्ती वाजवतात. वहीतून अकरा जणांची नावे घेतली आणि प्रत्येकाची पत्ती दर वर्षी किती जाड होती, त्याचा तक्ता मांडला. एक म्हणजे सर्वांत मऊ, पाच म्हणजे सर्वांत कडक. खाली एक ओळ लिहिली, की वय वाढून दम कमी होऊ लागला की मऊ पत्ती घ्यावी, कारण कोणती पत्ती घेऊ हा प्रश्न लोक फार विचारतात. आता कोणी अय्यांचे नाव शोधले की आपले पान सगळ्यांत वर येते.

आठवड्यात तेवीस मागण्या आल्या. जाफना, पेनांग, टोरांटो. यादी सोबत आहे. गवत पुरेल का ते कळवा.

मामीस नमस्कार. मला तांदळाचे वडाम आवडतात, हे तिला माहीत आहेच.
आपली,
कयल


पूंगुडी, १४ फेब्रुवारी

चि. कयल हिस,
आशीर्वाद.

ते पान आधी काढ, मग पुढचं वाच.

देवस्थान समितीचे सचिव रत्नवेलू उत्सवाची पत्रिका लिहीत होते. अय्यांचे किताब नीट छापावेत म्हणून त्यांनी फोनवर नाव शोधलं. पहिलंच तुझं पान आलं. अय्या: आधी वर्षानुवर्षं पाच, मग चार, मग तीन, यंदा दोन. आणि खाली तुझी ती दमाची ओळ. त्यांनी भर बैठकीत वाचून दाखवलं. रथाच्या दिवशी रथ हलल्यापासून जागेवर येईपर्यंत चार तास वाजवायचं असतं. मध्येच दम संपला तर अपशकुन होईल, यंदा कुंभकोणमहून दुसरा माणूस बोलवू, असं चाललंय.

कोण कोणती पत्ती नेतो, ते आमच्यात कधी बोललं जात नाही. माझ्या वडिलांनी मला सांगितलं नाही, मी मामीला सांगितलेलं नाही. दम उतरायला लागला की पहिल्यांदा वादकाला कळतं आणि मग मला. वैद्याला फार नंतर. मी न बोलता पत्ती जरा जास्त तासतो, तो न बोलता घेऊन जातो. तेवढ्यावर त्याची आणखी दहा वर्षं निघतात.

वही मी दिली. लागेल ते घे, हेही मीच लिहिलं. तू घरची आहेस, हे वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नाही. तुझ्या तक्त्यातले दोघं विद्वान कालपासून माझ्या दारावरून सायकल न थांबवता जातात. अय्या आलेलेच नाहीत.

मामी वडाम वाळत घालायची थांबलीय. यावरून समज.
मामा


चेन्नई, १७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र काल सकाळी दहा चाळीसला फोडले. दहा बेचाळीसला पान काढले. पहिल्या ओळीपुढचे त्यानंतर वाचले.

पण पान काढले म्हणजे ते गेले असे नाही. शोधयंत्र जुनी प्रत काही दिवस दाखवत राहते. ती काढण्याचा अर्ज केला आहे. शिवाय पाच जणांनी तक्ता उचलून आपापल्या जागी लावला होता. पाचही जणांना लिहिले. तिघांनी काढला. एकाचे उत्तर नाही. पाचव्याने कळवले, की एकदा चारचौघांत आलेली गोष्ट सगळ्यांचीच होते, आता तुम्ही कोण मागणाऱ्या. दिसावे म्हणून चार महिने जे जे केले, ते सगळे आता उलटे करते आहे. दिसण्यापेक्षा हे कितीतरी कठीण आहे.

माफी शेवटी लिहिते आहे याचा अर्थ ती कमी आहे असा घेऊ नका. माफीने प्रती निघत नाहीत, म्हणून आधी कामाचे लिहिले. मी चुकले. वहीतल्या नावांना मी माहिती समजले.

एक उपाय आहे. अय्यांची जुनी ध्वनिमुद्रणे मिळवून त्यांच्या नावाने लावली, तर ती वर येतील आणि उरलेला तक्ता खाली ढकलला जाईल. या वेळी विचारते. अय्यांना विचाराल का?
आपली,
कयल


पूंगुडी, २५ फेब्रुवारी

चि. कयल हिस,
आशीर्वाद.

अय्यांकडे गेलो होतो. आत ये म्हणाले नाहीत, ओट्यावरच बसलो. सुनेने कॉफी आणून ठेवली. घे, असंही ते म्हणाले नाहीत, तेव्हा मी घेतली नाही. तुझा उपाय सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला. मग म्हणाले, तुझ्या भाचीनं माझं नाव एकदा न विचारता वापरलं. आता विचारून वापरायचं कशाला? मी उठलो.

काल समितीनं मला बोलावलं. रत्नवेलूंनी विचारलं, तक्ता खरा की खोटा, एका शब्दात सांग. नाही म्हणावं तर देवासमोर खोटं, हो म्हणावं तर अय्यांच्या गळ्यावर मीच सुरी फिरवली. मी उभाच राहिलो. ते म्हणाले, मासिलामणी, गप्प बसणं म्हणजे हो समजू का? मी तेव्हाही गप्प बसलो. बाजूला बसलेला एक जण म्हणाला, याच्या पत्तीतून तरी आवाज येतो, याच्यातून तोही नाही. सगळे हसले.

निकाल चार तारखेच्या बैठकीत. तुला राग लिहीत नाही, झालं ते लिहितोय.
मामा


चेन्नई, २८ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

समितीसाठी एक पत्र सोबत जोडले आहे. परस्पर पाठवलेले नाही. पटले तर द्या, नाहीतर फाडा.

त्यात एवढेच आहे: तक्ता मी केला, मासिलामणी यांना न दाखवता. आकडे पत्तीच्या जाडीचे आहेत, दमाचे नाहीत. पत्ती मऊ घेण्याची कारणे दात, ओठ, वाद्य, हवा यांपैकी काहीही असू शकतात. अय्यांचे कारण मला माहीत नाही. दमाची ओळ माझी आहे आणि ती लोकांनी पान उघडावे म्हणून लिहिली होती. मी अय्यांना शेवटचे ऐकले तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या ओळीवरून त्यांचा मान काढला, तर तो माझ्या अज्ञानावरून काढला असे होईल.

प्रत्येक वाक्य दोनदा तपासले आहे, सगळे खरे आहे. अय्यांना दम आहे, असे मी कुठेही म्हटलेले नाही. ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. मला तरी सांगाल का?
आपली,
कयल


पूंगुडी, ६ मार्च

चि. कयल हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र बैठकीत वाचलं गेलं. रत्नवेलूंनी दोनदा वाचलं. ठरलं ते असं: अकरा तारखेला पहिल्या संध्याकाळी अय्या वाजवतील आणि समितीचे दोघं समोर बसून ऐकतील. त्यांना पटलं तर पुढचे दिवस आणि रथ अय्यांचा. नाहीतर कुंभकोणमचा माणूस तयार आहे. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची! पण दार बंद झालं नाही, ते तुझ्या पत्रानं.

आज सकाळी अय्या आले. महिन्याभरानं. पाटासमोर चार वादक होते, सायकल न थांबवणाऱ्यांपैकी एक आज नेमका बसलेला. अय्या उभ्यानंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मासिलामणी, पाच नंबरची काढ, तुझ्या भाचीनं आता नंबर दिलेत ना? मी डबीतून एक पत्ती काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली नाही, ओठाला लावली नाही. कनवटीला खोचली आणि गेले.

मामी देवाजवळ दिवा लावून बसलीय. तुझं नाव घेते, शिव्या देत नाही.
मामा


चेन्नई, ९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पाच दिलीत का?

त्यांच्यासाठी तुम्ही शेवटची पाच वहीप्रमाणे अकरा वर्षांपूर्वी केली होती. आता ती घेऊन चार तास रथापुढे उभे राहिले, तर काय होईल हे मला समजते. पत्र वेळेत पोचणार नाही असे वाटले, तर फोन करीन. समोर कोणी बसले असेल तर नुसते हं म्हणा. एकदा म्हणजे पाच, दोनदा म्हणजे मऊ.
कयल


पूंगुडी, २१ मार्च

चि. कयल हिस,
मामा-मामीचे भरभरून आशीर्वाद.

पहिल्या संध्याकाळी दोघं परीक्षक मांडी घालून समोर बसले. अय्यांनी एकच राग धरला, तासभर. अर्ध्या तासानं रत्नवेलू सुंडलचा प्रसाद वाटायची व्यवस्था बघायला म्हणून उठून गेले, ते परत आले नाहीत. दुसरा डोळे मिटून बसला. झोपला होता असं मामीचं म्हणणं आहे.

रथ सकाळी आठला हलला. पश्चिम रस्त्याच्या वळणावर चाक अडकलं आणि पाऊण तास गेला. तेवढा वेळ वाद्य खाली ठेवता येतं, कोणी काही म्हणत नाही. अय्यांनी ठेवलं नाही. शेजारी त्यांचा शिष्य शिवकोळुंदू दुसरं नादस्वर घेऊन होता, दर वर्षी असतो तसाच. एकानं श्वास घेतला की दुसरा धरतो, अशी ती रीतच आहे. कोणता सूर कोणाचा, हे दोरखंड ओढणाऱ्यांना कळत नाही, रत्नवेलूंनाही कळलं नाही. मी रथापासून दहा हातांवर होतो, मला कळलं. पाऊण वाजता रथ जागेवर आला. अय्या दगडावर बसले, ताक मागितलं आणि प्यायच्या आधी विचारलं, पुढच्या वर्षी उत्सव कितवी तारखेला?

तू तीनदा फोन केलास. मी हं म्हटलं नाही, एकदाही नाही आणि दोनदाही नाही. समोर कोणी नव्हतं. पत्ती कोणती होती, ते तुला सांगणार नाही. राग येईल, तो येऊ दे.

साइट मोडू नकोस. गवत कापून ठेवलंय, ते कोणीतरी वाजवलं पाहिजे. नावं तेवढी नकोत. सायकलवाल्यांपैकी एक थांबायला लागलाय, दुसऱ्याचं बघू. वडाम पाठवतोय, वेगळ्या डब्यात.
तुझा,
मासिलामणी मामा


चेन्नई, ३० मार्च

ती. मामांस,
कयलचा सा. न. वि. वि.

वही आज रजिस्टर पोस्टाने परत पाठवली. नक्कल ठेवलेली नाही, संगणकावरचीही पुसली. आपण चौथ्या पानावर घसरलो आहोत. पाचव्या माणसाने तक्ता अजून काढलेला नाही. अय्यांचे नाव शोधले तर तो आता सहाव्या पानावर दिसतो. दर सोमवारी पाहते, दर सोमवारी त्याला लिहिते.

राग आला होता. आता नाही.

काल एक मागणी आली आहे. माणूस परदेशातला. वाद्य लांब, स्वर पांढरी दोन, वरचे पुढचे दोन दात नाहीत, रोज दोन तास वाजवणे होते. पत्ती मऊ हवी, पण हातात घेऊन पाहणाऱ्याला कडक वाटली पाहिजे. आणखी काही माप लागले तर विचारा, मागवून देईन.

तुम्ही त्यांना ओळखता. नाव लिहीत नाही.

मामीला सांगा, वडाम पोचले, एकही तुटला नाही. तिच्या पायांना आणि तुमच्या हातांना नमस्कार.
आपली,
कयल