मामाच्या इंजिनाचा आवाज

३ डिसें., बुधवार
तीन माईक पाण्यात सोडले. जलाशयाच्या बंद भागात, जिथं मासेमारीला मनाई आहे. बोटीचा आवाज तिन्हींकडे जरा मागेपुढे पोचतो, त्यावरून बोट कुठं ते काढायचं. काम कॉलेजचं, पण सापडलेल्या बोटींची यादी जंगल खात्याला जाणार. सर खूश. हुडकेश्वरला घरी येईपर्यंत बसमध्ये झोपले.

८ डिसें., सोमवार
लॅबमध्ये रेकॉर्डिंग ऐकलं. तीन वेगळ्या सकाळी, एकच बोट. फट-फट-फट, एक ठोका गायब, पुन्हा फट. हेडफोन काढून ठेवला. देवामामाचं इंजिन. आईचा भाऊ, त्याच काठावर राहतो. लहानपणच्या सुट्ट्या त्या बोटीत गेल्या माझ्या.
सरांना म्हटलं, डोकं दुखतंय.

९ डिसें.
परत परत लावलं. दुसऱ्या कोणाचंही असू शकतं की... नाही. तेच.
आईला सांगितलं नाही. भाजी करपवली.

१४ डिसें., रविवार
काठावर गेले. मामा जाळं सांधत होता. सगळं सांगितलं. आधी हसला. मग, "पाण्याखालून मलेच ऐकून राहिली होती काय वं?"
"काहून गेला होता तिकडं?"
पलीकडच्या वस्तीतल्या बाईले कळा सुरू झाल्या म्हणे. दवाखाना रस्त्यानं दोन तास, पाण्यातून अर्धा. मी जाऊन आले तिच्याकडे. बाळ खरंच आहे. इवलंसं.
"पण तीन दिवस, मामा?"
गाठ दातानं ओढत बसला. मामीनं दिलेला चहा तसाच निवला.

१६ डिसें., मंगळवार
सरांना खरं सांगितलं. "रिपोर्टमधून तुझं नाव काढू का?" नको म्हटलं. काहून म्हटलं कोण जाणे. तिन्ही नोंदी दिल्या. एकीखाली बाळंतपणाचं लिहिलं. बाकी दोन्हींखाली काय लिहू.

२२ डिसें., सोमवार
मामाला उद्या जंगल खात्यात चौकशीला बोलावलंय. बोट गेली तर... सर म्हणतात, आवाज समजावून सांगायला मलाही यावं लागेल. आईला कळलंय. पोळ्या लाटते आहे, माझ्याकडे पाठ करून.
संध्याकाळी मामाचा फोन. वाटलं, शिव्या देईल. "मले त्या हापिसात बोलाले सुचत नाही वं. तू बसशील काय माह्याजवळ?"
हो म्हटलं.
सरांनाही हो म्हटलं आहे.