दुसरा नमस्कार

डार्मश्टाट, २६ एप्रिल

प्रिय दादा,

तू, कौमुदीवहिनी, आई, सगळे बरे असाल. मी बरी आहे. खोकला गेला. आज रविवार, म्हणून दुकानं बंद. गल्लीत चर्चची घंटा सोडली तर काही हलत नाही.

तुझा मेसेज वाचलाय, निळ्या खुणा तुला दिसल्याच असतील. फोनवर मी विषय बदलते, म्हणून कागद घेतला. बाबांच्या विधीबद्दल सांगते, पण आधी कोरियाचं ऐक. ऐकच.

पार्क आजी तुला माहीत आहेत. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याऐवजी बाजारहाट करून राहते. तरुणपणी नर्स म्हणून कोरियातून आल्या आणि इथल्याच झाल्या. आता गुडघे गेलेत. मार्चमध्ये म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "तिकीट मी काढते, पाय तुझे." बेकरीतून आठवडाभर सुट्टी मिळाली. मी कशाला नाही म्हणतेय!

त्यांचं गाव जॉन्जू शहरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. सकाळी त्यांचे भाऊ गाडी घेऊन आले. दादा, रस्ता बघायला हवा होतास. नदीच्या दोन्ही काठांना चेरी फुललेली, वारा आला की पाकळ्या थेट काचेवर. मग अचानक फुलं संपून हिरवंगार सातूचं रान, लसणाचे वाफे आणि मागे धुक्यातले डोंगर, एकामागे एक, शेवटचा कुठला हे कळतच नव्हतं. मी काहीतरी बोलत होते, ते अर्ध्यावरच राहिलं.

गावात फुलाफुलांच्या पायजम्यातल्या म्हाताऱ्या बांधावर उकिडव्या बसून छोट्या सुऱ्यांनी कसली तरी भाजी काढत होत्या. एकीने माझ्या नाकाखाली पाला चुरडला. कडू, औषधी वास. त्याच्या हिरव्या वड्या करतात, चिकट असतात, मी सात खाल्ल्या. परसात माझ्या कमरेइतके काळपट रांजण. एकाचं झाकण उघडून आजी म्हणाल्या, "हा मसाला मी लग्नाआधी ढवळलाय." खरं-खोटं देव जाणे, पण वास आला आणि त्यांचे डोळे भरले.

खरं जायचं होतं ते टेकडीवर, त्यांच्या आईच्या थडग्यापाशी. तिकडे एप्रिलच्या सुरुवातीला सगळे पूर्वजांकडे जातात. दगड नाही, नाव नाही, नुसता हिरवळीचा गोल उंचवटा, शेतांकडे तोंड करून. पाठीवर ऊन घेत कुणी झोपलंय असं वाटतं. भावांनी तण उपटलं. आजींनी सुकी मासळी, सफरचंद, वड्या मांडल्या आणि शेजारी इथून नेलेली बिस्किटं. मग भातापासून केलेली पांढरी दारू त्या मातीवर ओतली. मी आपली पान वाढल्यासारखी कावळा शोधतेय! तेवढ्यात एक काळापांढरा पक्षी ओरडला. भाऊ म्हणे, हा ओरडला की पाहुणा येतो. मला आपली खिडकी आठवली, आणि कावळा ओरडला की ओट्यापासून वळून बघणारी आई.

मग त्यांनी मला वाकायला सांगितलं. मी गुडघे टेकले, डोकं मातीला लावलं आणि उठले. बघते तर भाऊ परत खाली! मी खांबासारखी उभी. भाऊ इतके हसले की टोपी पडली. आजींना विचारलं, काय चुकलं?

"जिवंत माणसाला एकदा वाकायचं, गेलेल्याला दोनदा. तू माझ्या आईला जिवंत केलंस."

"परत करू?"

"नको, राहू दे. मजा वाटली असेल तिला."

नंतर तिथेच बसून आम्ही ते सगळं खाल्लं, प्रसादासारखं. माझी वडी हातातच राहिली. आजींनी विचारलं आणि मी कधी कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. की बाबा नर्मदा परिक्रमेला गेले आणि परतलेच नाहीत. की आता बारा वर्षं झाली, गुरुजींनी वैशाखातला दिवस काढलाय, पळसाच्या पानांचे बाबा करून त्यांना अग्नी द्यायचा. की आई म्हणते, स्पृहा हो म्हणाली तरच.

आणखी एक सांगितलं, जे तुलाही माहीत नाही. तुम्ही म्हणता माझ्या पायाला भिंगरी आहे, बाबांवर गेलीय. तसं नाही रे. मी प्रत्येक गावात बघत असते. फ्रँकफर्टच्या स्टेशनावरसुद्धा. परिक्रमेला गेलेला माणूस जर्मनीत कुठला, कळतं मला. पण खांद्यावर पिशवी टाकून, जरा डावीकडे झुकून कुणी चाललं की मी मागे जातेच. त्या कोरियन बांधावरही एक तसा होता. मी गेले. त्याने मला मुळा दिला.

आजींनी उरलेली वडी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "आई गेली तेव्हा मी डार्मश्टाटला ड्यूटीवर होते. पुढे कित्येक वर्षं मला ती घरात कोबीला मीठ चोळतानाच दिसायची. मग इथे आले, दोनदा वाकले. दुसऱ्यांदा उठायला फार जड गेलं."

"पण उठलात."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. "उठले, आणि भूक लागली."

दादा, आई बारा वर्षांत एक रात्र घराबाहेर राहिली नाही, तुमच्या नव्या फ्लॅटवरसुद्धा नाही. ती कुणासाठी थांबलीय हे आपण बोलतो. माझ्या 'हो'साठी थांबलीय, हे मी बोलत नव्हते.

तर हो. आईला सांग. वहिनीला म्हणावं तुमच्याकडे आईचं अंथरूण घालून ठेव. पानं तू आण, पण बांधायला मी बसणार, गुरुजी काहीही म्हणोत. डावा खांदा जरा खाली ठेवायचा, तुला नाही जमायचं.

बाबा निघाले तेव्हा मी शाळेच्या गणवेशात दारात वाकले होते. घाईत, एकदाच. दुसरा नमस्कार राहिलाय, तो करायला येते.

आईला माझा नमस्कार सांग. एकच.

तुझी,
स्पृहा