बसून राहायची शिकवणी

३ ऑगस्ट, सोमवार

छे! मला नाही जमायचं!

लोसा सिस्टर महिनाअखेरीला लांब रजेवर चाललीय. तोवर आमच्यातल्या कुणी सकाळपाळी एकट्यानं चालवून दाखवली नाही, तर वरचे लोक आमच्या नशामुक्ती वॉर्डातल्या सहा खाटा बंद करणार. आणि तिनं बोट केलं माझ्याकडे! मी — डार्विनला कोळंबीच्या बोटीवर, बोवेनला आंबे तोडायला, असं ऑस्ट्रेलियाभर भटकत भटकत टाउन्सविलला येऊन कशीबशी नर्स झालेली.

४ ऑगस्ट

सकाळी पेशंट नि नर्स एकाच गोलात बसतात. पाळी चालवणाऱ्यानं खुर्ची सोडायची नाही, हा लोसाचा नियम.

मी सोडलीच. टोस्ट करपत होता, फोन वाजत होता, कुणाला गोळी हवी होती. सगळं एकटीनं केलं, केवढी खूश होते! तेवढ्यात कालच दाखल झालेली बाई बॅग उचलून फाटकाबाहेर. तिच्याजवळ बसायला मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"छान धावलीस पोरी," लोसा म्हणाली. "वॉर्ड कोण बघत होतं?"

रडले. मग पार्किंगमध्ये रानहंस उतरले होते, त्यांच्यामागे फिरत बसले. एक तर आमच्या वेस नर्सच्या गाडीचं टायर टोचत होता!

९ ऑगस्ट

आज बसले. मांडीखाली हात दाबून!

१४ ऑगस्ट

वेस इथला सगळ्यात जुना नर्स, माझ्या बापाच्या वयाचा. त्याला मी काम सांगायचं?

"वेस, म्हणजे... वेळ असेल तर जरा..."

"हुकूम कर की महाराणी! लाजतेस काय, लग्न ठरतंय का आपलं?"

सगळा गोल हसला. मग सांगितलं. त्यानं केलं. एवढंच असतं?

२१ ऑगस्ट

क्लिफला गोलातच फिट आली. ऊस कापायचं यंत्र चालवणारा आडदांड माणूस, परवाच दारू सोडायला आलेला. माझे पाय शिवशिवत होते. उठले नाही.

"वेस, कुशीवर घे. नोरीन सिस्टर, इंजेक्शन आण, डॉक्टरला बोलव."

आणि मी बाकीच्यांकडे बघत राहिले. सगळ्यांचे चेहरे पांढरे. "श्वास चालू आहे त्याचा. वेस आहे त्याच्यापाशी. बसा."

सगळे बसले! एकहीजण उठला नाही.

क्लिफनं डोळे उघडले ते — "माझी न्याहारी कुणी खाल्ली?"

लोसा दारातून सगळं बघत होती. "खाटा राहतील," एवढंच म्हणाली नि तोंड फिरवलं.

३१ ऑगस्ट

लोसाची रजा आजपासून. सकाळी फाटकावर बेल वाजली. लोसाच — बॅग घेऊन.

"सिस्टर," मला म्हणाली. मला! "घरी पिते मी. किती वर्षं. वॉर्ड कुणाच्या हाती द्यायचा ते ठरेना, म्हणून थांबले होते. दुसरीकडेही जाता येईल, पण भरवसा इथलाच वाटतो. घेशील आत?"

मी दार उघडलं.

"वेस, गोलात एक खुर्ची वाढव."