मागच्या सीटवर वत्सलाबाई

३ ऑक्टोबर १९८८, सोमवार. संध्याकाळ.

खाणीचा सीझन सुरू झाला. आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क स्वतः कदेल पुढे सरकवली. सीनियर टाइमकीपरची जागा रिकामी आहे. मी शर्टाचं वरचं बटण लावून त्या खुर्चीत बसलो.

साहेब म्हणाले, "गुरुदास, तू लाटंबार्श्याचा ना? आणि मोटारसायकल घेतलीस म्हणे."

मी म्हटलं, सेकंडहँड आहे, पण कंडिशन फर्स्टक्लास.

"मग उद्यापासून आमच्या वत्सलाबाईंना मागे बसवून घेऊन ये."

वत्सलाबाई म्हणजे खाणीच्या दवाखान्यातल्या नर्स. मूळच्या बांद्याच्या, वय पन्नाशीच्या पुढे. यंदा आमच्याच वाड्यावर खोली घेतली आहे. सकाळची बस बंद झाल्यापासून सुर्ल्याला खाणीवर पोचेपर्यंत त्यांना दुपार होते. तोवर कामगार तापाने फणफणत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहतात. हे सगळं मला मान्य आहे. पण मी टाइमकीपर आहे. ट्रान्सपोर्ट हे माझं डिपार्टमेंट नाही.

स्पष्ट नकार देणार होतो. 'बघतो' म्हणून आलो. 'बघतो' हा सभ्य माणसाचा नकारच असतो. साहेब शिकलेले आहेत, समजले असतील.

४ ऑक्टोबर. सकाळ.

साहेब समजलेले नाहीत. बाई पिशवी घेऊन दारात उभ्या आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

नेलं. आजच्यापुरतं. तत्त्व म्हणून नाही, माणुसकी म्हणून.

पद्मावतीला विश्वासात घेणं भाग होतं. परकी बाई, नवऱ्याची मागची सीट. बायकोच्या मनात काहीही येऊ शकतं. मी हळुवारपणे म्हटलं, गावात लोक बोलतील, तू मन घट्ट कर. ती बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बायेक पाडूं नाकात म्हणजे जालें."

वरून दाखवत नाही. आतून हलली असणार.

६ ऑक्टोबर.

गावात अजून कोणी काही बोललेलं नाही. सकाळी पाववाल्या पोदेराने उंडे देताना आम्हा दोघांकडे नीट बघितलं. मी मान ताठ ठेवली. म्हटलं, आता विचारणार. त्याने विचारलं, बस कधी सुरू होणार?

लोक तोंडावर बोलत नाहीत, हेच खरं.

७ ऑक्टोबर.

एक गोष्ट कबूल करावी लागेल. बाईंना माझ्या बोलण्याची गोडी लागली आहे. मी गाडी चालवताना नुसता गप्प बसत नाही. गोवा राज्य झालं, पुढे काय? कोकणी-मराठीच्या वादात दोन्ही बाजूंचं कुठे चुकलं? क्लच कधी दाबावा? सगळं मान मागे वळवून व्यवस्थित समजावतो, म्हणजे वाऱ्यात शब्द वाया जात नाहीत. आज साखळीपर्यंत बाई डोळे मिटून ऐकत होत्या. ओठ हलत होते. बहुधा मुद्दे मनात घोळवत असाव्यात.

तरीही नकार द्यायचा आहेच. सोमवारी.

१० ऑक्टोबर, सोमवार.

सकाळी आरशासमोर तयारी केली. "साहेब, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो." आवाज छान लागला. पद्मावतीने आतून विचारलं, कोणाशी बोलताय? मी म्हटलं, कोणाशी नाही. ती म्हणाली, मग हळू बोला.

केबिनमध्ये गेलो. साहेब फोनवर होते. "तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून," एवढं म्हणालो. साहेबांनी फोनवर हात ठेवला, म्हणाले, बरं झालं आलास, तू रोज डिचोलीवरून येतोस ना? मासळी मार्केट वाटेतच.

थोडक्यात, बाई आहेतच. शिवाय बुधवारी आणि शुक्रवारी साहेबांसाठी ताजी मासळी.

मात्र नकाराची सुरुवात झाली आहे. आदर ठेवून झालेला आहे. आता फक्त पुढचं वाक्य बाकी.

१२ ऑक्टोबर, बुधवार.

डिचोलीला बाई औषधाच्या दुकानात गेल्या. मी गाडीवर बसून होतो, हँडलला साहेबांच्या मासळीची, इसवणाची पिशवी. एक गृहस्थ सुटकेस घेऊन आला आणि सरळ मागे बसला. "पायलट, म्हापसा."

भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला गोव्यात पायलट म्हणतात. मी शांतपणे सांगितलं की मी खाणीवर टाइमकीपर आहे. तो म्हणाला, असूं दे, म्हापश्याचे किती घेतोस?

बाई दुकानातून बघत होत्या. हसल्या. त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज एक किरकोळ प्रसंग घडला. खरं काय झालं ते लिहून ठेवतो, कारण ऑफिसात नाही नाही ते पसरलं आहे.

सुर्ल्याच्या चढावर खनिजाच्या ट्रकांनी लाल चिखल केलेला. मी सीनियर टाइमकीपरच्या जागेला कोण लायक आहे ते बाईंना मागे वळून समजावत होतो. समोर ट्रक थांबला. मी अत्यंत शांत डोक्याने गाडी डावीकडे घेतली आणि ती नियंत्रित पद्धतीने आडवी केली. बाई शेतात गेल्या. शेत मऊ असतं, हे मी आधीच हेरलेलं होतं. म्हणजे एका अर्थी मी त्यांना वाचवलं.

बाई उठल्या, चष्मा शोधला, पुसला. म्हणाल्या, "तोंड मिट आणि खड्डो बघ, म्हणान रोज सांगतंय तुका. ऐकाक येता काय?"

रोज सांगतात? वाऱ्यात मला ऐकू आलं नसेल.

दवाखान्यात त्यांनी आधी माझा गुडघा धुऊन पट्टी बांधली. मी ओरडलो नाही. थोडा आवाज झाला असेल. मग बघतो तर त्यांचं स्वतःचं मनगट सुजून आलेलं. कोणाला काही न सांगता त्यांनी त्याला फडकं गुंडाळलं आणि पायरीवर बसलेल्या पहिल्या माणसाला आत घेतलं. एका हाताने थर्मामीटर झटकत होत्या. त्यांचं लुगडं पाठीमागून चिखलाने सगळं लाल झालं होतं.

मी बाहेरून जनेलाच्या गजांमधून थोडा वेळ बघत राहिलो. मग ड्यूटीवर गेलो. साहेबांची मासळी ट्रकाखाली गेली होती, तेही सांगायचं होतं.

१७ ऑक्टोबर, सोमवार.

आज नकाराला वैद्यकीय आधार होता. गुडघा. लंगडत केबिनमध्ये शिरलो, जरुरीपेक्षा किंचित जास्त. साहेबांनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, "वत्सलाबाई येऊन गेल्या. म्हणतात, नोकरी सोडीन, पण गुरुदासच्या मागे बसणार नाही. भिकाजीच्या ट्रकातून येतील. तू मनाला लावून घेऊ नकोस."

भिकाजी आमच्याच गावचा. ट्रक रोज घरी नेतो. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप.

मी इतकी तयारी केलेली होती आणि नकार दिला बाईंनी. तोही आदर वगैरे काही न ठेवता.

अर्थात मला आनंद झाला आहे. हवं तेच झालं. संध्याकाळी जेवण गेलं नाही, ते गुडघ्यामुळे.

१८ ऑक्टोबर.

एकटा गेलो. गाडी हलकी चालली. साखळीपर्यंत राज्याच्या प्रश्नावर विचार केला. एकट्याने विचार केला की मुद्दा फार लवकर संपतो.

२० ऑक्टोबर, दसरा.

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. बाई सोनं द्यायला आल्या. मनगटाला अजून पट्टी. पद्मावतीने त्यांना आत बसवलं आणि दोघी बराच वेळ हसत होत्या. विषय मोटारसायकल नसावा.

निघताना मी अंगणात गाठलं. सहज म्हटलं, मागे धरायला नवीन दांडा बसवलाय, सीट पण मऊ केलीय, हळू चालवीन. बाई दांड्याकडे बघून म्हणाल्या, "छान आसा रे. पण नको. भिकाजी बोलणा नाय, ट्रकात माका झोप लागता."

मी म्हटलं, मी पण नाही बोलणार. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दाखवण्यासाठी लगेच गप्प राहिलो. आतून पद्मावतीने विचारलं, अहो, बरं नाही का तुम्हाला?

मग मला सांगावं लागलं की मी न बोलण्याचा सराव करतोय, आणि तो का करतोय, आणि त्यात अवघड काय असतं. माझं सांगून होईपर्यंत बाई त्यांच्या खोलीवर पोचल्या होत्या.

२२ ऑक्टोबर, शनिवार.

साहेबांनी बोलावलं. कामगारांच्या मुलांना लस द्यायची आहे. सोमवारी डिचोलीच्या आरोग्य केंद्रातून लसींचा बर्फाचा डबा आणायचा. ट्रकात इंजिनाच्या उष्णतेने बर्फ टिकत नाही. साहेब म्हणाले, "तुझं नाव बाईंनीच सुचवलं."

बाईंनीच! मला वाटतच होतं. रागावलेला माणूस असा एकदम उघड बोलत नाही, बाजूने येतो. दवाखान्यात जाऊन म्हटलं, विश्वास दाखवलात, बरं वाटलं. त्या सुई उकळत होत्या. म्हणाल्या, "डब्याक कान नसतत."

थट्टेचा स्वभाव आहे.

२४ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळ.

डबा मागच्या सीटवर ठेवला, दोरीने नव्या दांड्याला बांधला. एकदाही मान वळवली नाही. प्रत्येक खड्डा बघितला. सुर्ल्याच्या चढावर ट्रकामागे पहिल्या गिअरमध्ये थांबून राहिलो, हॉर्नसुद्धा नाही. आयुष्यात इतकी चांगली गाडी मी चालवलेली नाही.

दवाखान्यासमोर बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. वत्सलाबाई स्वतः पुढे आल्या. झाकण उघडून आत हात घातला. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "बरो इलो हां. कायएक त्रास नाय."

मी शर्टाचं वरचं बटण लावलं. म्हटलं, बाई, सवय लागली की माणूस सुधारतो.

त्या डब्याबद्दल बोलत होत्या.